पायांच्या मुंग्या आणि मधुमेहाची गोळी

दिवसभर पेढीवर बसणाऱ्या साठीतल्या गृहस्थांच्या पायांना मुंग्या येऊ लागतात. सकाळी जिनमंदिराच्या पायऱ्या चढताना फरशीचा गारवा तळव्यांना नीटसा जाणवत नाही. एके काळी तोंडपाठ असलेली उधारी आता वही पाहूनच सांगावी लागते. घरातील मंडळी म्हणतात, ‘वय झाले.’ कोणी म्हणते, ‘साखर आहे, चालायचेच.’ दोन्ही कारणे संभवतात. परंतु तिसऱ्या कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे वर्षानुवर्षे नेमाने घेतलेली मेटफॉर्मिनची गोळी.

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील स्वस्त व गुणकारी औषध. सुरुवातीस मळमळ, जुलाब किंवा तोंडास धातूसारखी चव असे त्रास होतात. गोळी जेवणासोबत घेतल्यास ते बहुधा ओसरतात. दुसरा परिणाम मात्र मूकपणे येतो. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होणारे ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण या औषधाने मंदावते. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव लगेच कळत नाही. मात्रा अधिक व काळ दीर्घ, तितका धोका अधिक. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने हा या औषधाचा वारंवार आढळणारा दुष्परिणाम असल्याचे सांगून लक्षणे दिसताच तपासणी करण्याची सूचना केली.

जैन कुटुंबांसाठी ही बाब विशेष महत्त्वाची आहे. धान्य, कडधान्य व भाज्यांत ब-१२ जवळजवळ नसते. शाकाहारात ते दूध, दही, पनीर यांतूनच मिळते. ज्यांच्या आहारात दूध केवळ चहापुरते आहे किंवा ज्यांनी दीर्घकाळ विगयत्याग केला आहे, त्यांचा साठा मुळातच तोकडा असतो. थकवा, जिभेची आग, तोल जाणे, विसराळूपणा, पंडुरोग ही उणिवेची लक्षणे होत. मधुमेहानेही पाय बधिर होतात, म्हणून निदान चुकते. एका लक्षणाला अनेक कारणे असू शकतात, हे अनेकांताच्या उपासकांना वेगळे सांगणे नलगे. मज्जातंतूंची हानी फार काळ राहिल्यास ती पूर्णपणे भरून येईलच असे नाही. म्हणून विलंब नको.

तथापि गोळी परस्पर बंद करू नये. वाढलेली साखर डोळे व मूत्रपिंडे यांचे अधिक नुकसान करते. डॉक्टरांना विचारून रक्तातील ब-१२ तपासून घ्यावे. औषधाच्या दुकानातून केवळ फॉलिक अॅसिड आणून घेणे घातक ठरू शकते. त्याने रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालूच राहते. औषधातील ब-१२ जीवाणूंच्या साहाय्याने तयार होते. मात्र कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते. म्हणून साधी गोळी किंवा इंजेक्शन मिळेल का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावे.

दिवाळीस पेढीच्या हिशेबाचा मेळ घालणाऱ्या घरांनी वर्षातून एकदा या साठ्याचाही हिशेब पाहावा.