शूरांच्या मनाची जखम

शिपायाच्या अंगावरील जखम सर्वांस दिसते. तिला मलमपट्टी होते, तिच्याबद्दल मानही मिळतो. परंतु त्याच्या मनास झालेली जखम सहसा कोणास दिसत नाहीं; आणि दिसली, तरी लोक तिला भित्रेपणा हें नांव देतात. हें नांव चुकीचें तर आहेच, पण तें घातकही आहे, असें मला नम्रपणें सांगावयाचें आहे.

हा विषय शाळेच्या वार्षिकांत कशास, असें कोणी विचारील. आमच्या वर्गांत सैनिकांचीं मुलें बसतात, हेंच त्याचें उत्तर. त्यांपैकीं एकास मीं एकदां विचारिलें, "काय रे, वडील सुटीवर आले ना?" तो म्हणाला, "आले आहेत, गुरुजी; पण घरांत असून नसल्यासारखे. रात्रीं निजत नाहींत, कोणाशीं बोलत नाहींत." एवढें बोलून त्यानें मान खालीं घातली, जणूं त्याच्याच हातून कांहीं अपराध घडला होता. ती खालीं गेलेली मान मी अद्याप विसरलों नाहीं.

पहिल्या महायुद्धांत तोफांच्या माऱ्याखालीं राहिलेल्या पुष्कळ शिपायांस कांपरें भरलें. कित्येकांची वाचा गेली, कित्येकांची झोंप उडाली. डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं या विकारावर लिहितांना 'शेल शॉक' हें नांव वापरलें. एडिंबरो येथील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत डॉक्टर रिव्हर्स यांनीं अशा अधिकाऱ्यांस धमकाविलें नाहीं. त्यांच्या भयंकर आठवणी त्यांस बोलूं दिल्या व शांतपणें ऐकिल्या. परंतु त्याच युद्धांत पलायन, भित्रेपणा इत्यादि आरोपांवरून ब्रिटिश सैन्यानें आपल्याच शेंकडों शिपायांस गोळ्या घातल्या. त्यांत मनानें खचलेलेही होते. त्यांपैकीं ३०६ जणांस २००६ सालीं कायद्यानें क्षमा मिळाली. नव्वद वर्षांनीं आलेली ती क्षमा त्यांच्या मातांच्या काय कामाची?

आपल्या देशांत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें ठरविलें कीं, जीव देऊं पाहणारा मनुष्य, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखालीं होता असें मानावें. त्यास शिक्षा न करितां सरकारनें उपचार द्यावे. पुढें १ डिसेंबर २०२३ रोजीं पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयांत सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांकरितां 'टेलि-मानस'चा स्वतंत्र कक्ष उघडण्यांत आला. १४४१६ या क्रमांकावर तर कोणासही रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो. परंतु ही मदत दारापर्यंतच येते. दार उघडावयास घरांतलें माणूस लागतें.

म्हणून पालकांस विनंति अशी कीं, घरचा मनुष्य एकाएकीं अबोल झाला, दारूकडे वळला, किंवा "मी तुम्हांस भार झालों" असें म्हणूं लागला, तर "मर्दासारखा वाग" असें त्यास सुनावूं नका. जवळ बसा आणि मरणाचे विचार मनांत येतात काय, हें स्पष्ट विचारा. विचारल्यानें ते विचार रुजतात, ही समजूत खोटी आहे. त्यास एकटें सोडूं नका, डॉक्टरांकडे न्या. पती दूर सीमेवर असतां एकटीनें संसार ओढणाऱ्या स्त्रीचेंही मन असेंच थकतें, हेंही ध्यानांत असूं द्या.

आणि मुलांनो, तुमच्या वडिलांचें दुःख हा तुमचा अपराध नव्हे. तें बरें करण्याचें ओझेंही तुमच्या शिरावर नाहीं. असें कांहीं आढळल्यास आईस, गुरुजींस किंवा दुसऱ्या विश्वासाच्या वडील माणसास सांगा. ती चहाडी नव्हे.

कुरुक्षेत्रावर अर्जुनाचे हातपाय गळाले, तोंड कोरडें पडलें, हातांतलें धनुष्य सुटलें. त्याचा सारथी त्यास टाकून गेला नाहीं. त्याच्याशीं बोलत राहिला. तसल्या वीरास अठरा अध्यायांचा संवाद लागला, तर आमच्या घरच्या शिपायानें घटकाभर मन मोकळें करण्यांत लाज कसली?