वारसा कशाचा देणार?

टीव्ही असो की अब्बांचा मोबाईल, सिनेमा आता आपल्या बैठकीत येऊन बसला आहे. मुले बघतातच. बघून झाल्यावर घरातले मोठे त्यांच्याशी त्याबद्दल काही बोलतात का, हा खरा प्रश्न आहे. म्हणून आज खेड्यातल्या जीवनावरच्या तीन मराठी चित्रपटांविषयी लिहिते.

उमेश कुलकर्णी यांच्या ‘देऊळ’ (२०११) मधल्या गावाचे नाव मंगरूळ. आम्हा वाशिमकरांना लगेच मंगरूळपीर आठवते. गाय शोधत गेलेल्या साध्याभोळ्या केशाला दत्ताचा दृष्टान्त होतो. त्याची श्रद्धा खरी असते. पण पुढारी, व्यापारी आणि गर्दी मिळून त्या श्रद्धेचा बाजार मांडतात आणि गावासाठी ठरलेला दवाखाना मागे पडतो. देवाच्या नावावर गावाचे ठरले, की ‘दवाखान्याचे काय झाले?’ एवढे विचारणाराही परका होतो. कट्टरपणाची सुरुवात अशीच होते. तलवार फार नंतर येते.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मधला प्रिन्स भर वर्गात शिक्षकाच्या थोबाडीत मारतो. घरी त्याला जाब विचारला जात नाही, उलट कौतुकच होते. मी शिक्षिका आहे, म्हणून मला शेवटच्या खुनांइतकाच हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. बहिणीच्या घरी आईने दिलेल्या भेटवस्तू घेऊन जाणारा आणि तिचा जीव घेणारा भाऊ त्या कौतुकातूनच तयार होतो. शेवटी रक्तात पाय भरलेले तान्हे लेकरू रडत बाहेर पडते. त्याच्या वाट्याला काय वारसा आला?

‘तो जातीचा प्रश्न, आपल्यात जात नाही,’ असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. सोयरीक जुळवताना ‘कोणत्या बिरादरीचे?’ हा प्रश्न आपल्याकडेही पहिल्या चहाबरोबरच येतो.

तिसरा चित्रपट तर आपल्याच मोहल्ल्याचा. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी ‘हलाल’ (२०१७) केला. त्यात तलाक झालेल्या बाईच्या आयुष्याचा निर्णय सगळे घेतात, तिला मात्र कोणी विचारत नाही. रक्त सांडत नाही, पण ही जबरदस्तीच आहे, आणि ती दीनच्या नावाने होते. असा सिनेमा पाहिला की ‘आपल्याला बदनाम करतात’ म्हणणे सोपे असते. ‘असे आपल्याकडे घडते का?’ हे विचारणे अवघड असते.

वाडवडिलांची चाल म्हणून विचार न करता चालत राहणाऱ्यांना कुरआनने दोष दिला आहे. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत तर न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःच्या, आईबापांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी, असा आदेश आहे. सज्ञान मुलामुलींच्या पसंतीच्या लग्नात पंचायतीने ढवळाढवळ करणे बेकायदेशीर आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ मध्ये स्पष्ट केले.

भावाने बहिणीवर हात उगारला आणि अम्मीने ‘मोठा आहे तो’ म्हणून तिलाच गप्प केले, तर दोघेही धडा शिकतात. दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावरचा शिवीगाळीचा व्हिडिओ बघून अब्बा हसले, तर मूलही हसते. तेव्हा हात उगारणाऱ्याला तिथल्या तिथे अडवा आणि त्याला बहिणीची माफी मागायला लावा. तो व्हिडिओ पुढे पाठवू नका, आणि का पाठवला नाही तेही मुलाला सांगा. जमीन-जुमला आपण वाटणी करून देतो. हा वारसा मात्र रोज दिला जातो, तोही न विचारता.