अतिमानवांची दुकाने

यशराज फिल्म्सने २०१२ साली ‘एक था टायगर’पासून आरंभलेल्या हेरपटांच्या मालिकेतील ‘वॉर २’ हा चित्रपट ऑगस्ट २०२५ मध्ये अपेक्षेइतका चालला नाही. हा हेर म्हणजे वेषांतर केलेला अतिमानवच! मालिका गुंडाळावी काय? अवश्य गुंडाळावी, परंतु कोणाच्या खर्चाने, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत वॉर्नर ब्रदर्सने २०२२ मध्ये जवळजवळ पूर्ण झालेला ‘बॅटगर्ल’ प्रदर्शित न करताच तोट्याच्या खाती टाकला. मालकाला तोटाही करसवलतीच्या हिशेबात उपयोगी पडतो. शेकडो तंत्रज्ञांची मेहनत मात्र कुलपात राहिली.

नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविणाऱ्या विजय बारसे यांच्या कार्यावरून नागराज मंजुळे यांनी ‘झुंड’ काढला, तोही २०२२ मध्येच. वस्तीतील पोरे त्यात नायक झाली. अमिताभ बच्चन असूनही तिकीटबारीवर त्याला बेताचेच यश लाभले. पण त्याचा दुसरा भाग काढण्याचा हट्ट कोणा धनिकाने धरला नाही. पडेल अतिमानवाला मात्र पुनःपुन्हा संधी, कारण त्याच्यात पैसा अडकलेला असतो. तो पैसा ‘झुंड’सारख्या चित्रपटांकडे वळवावा, आणि मालिका थांबविण्यापूर्वी रोजंदारीवरील कामगारांची देणी चुकती करावीत.