स्वस्त तापमापी आणि विरजण

स्वस्त डिजिटल तापमापी म्हणजे खेळणे, हा गेल्या अंकातील पत्राचा सूर अंबड तालुक्यातील वडीगोद्रीच्या स्वयंपाकघरात टिकत नाही. दह्याला ४० ते ४५ अंश सेल्सिअस मानवते. अंशभर इकडेतिकडे झाले तरी विरजण लागतेच.

चूक बहुधा वेगळीच असते. तापाचा थर्मामीटर दुधात बुडवला जातो आणि तो ४३ अंशांच्या आसपास हात टेकतो! त्याऐवजी तारेचा, छोट्या पडद्याचा तापमापी घ्यावा. दूध ढवळून टोक मधोमध धरावे, आकडा स्थिरावू द्यावा. शंका आलीच तर बर्फाच्या पाण्यात बुडवावा. शून्याऐवजी दीड दिसले, तर दर वेळी दीड वजा.

मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार गेला, की दही लवकर आंबते. ते वेळीच गार जागी हलवायला हाच तापमापी कामी येतो.