भाव कळतो, पण थांबता येते का?

प्लास्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवून घर, गाडी, किल्ला उभा करण्याचा खेळ आता आपल्याकडच्या मुलांनाही परका राहिलेला नाही. हे ठोकळे डेन्मार्कमधल्या लेगो कंपनीचे. १९५८ सालचा ठोकळा आजच्या ठोकळ्यात चपखल बसतो, त्यामुळे तो जुना झाला तरी टाकाऊ होत नाही. अशा सुट्या ठोकळ्यांची जगभरची खरेदी-विक्री चालते ती ‘ब्रिकलिंक’ या इंटरनेटवरच्या बाजारात. २००० साली डॅनियल जेझेक याने तो सुरू केला. २०१९ मध्ये खुद्द लेगो कंपनीनेच तो विकत घेतला.

या खेळण्यांच्या बाजाराकडे मोठ्यांनीही पाहावे, याला कारण आहे. तेथे विकणारा आपला भाव आपण ठरवतो. प्रत्येक ठोकळ्यापुढे, रंगानुसार आणि नवा-जुना असा भेद करून, गेल्या सहा महिन्यांत किती नग कोणत्या भावाने विकले गेले याची नोंद असते: सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी. शेजारीच आज किती नग, कोणत्या भावाने विक्रीला आहेत तेही दिसते. मागितलेला भाव वेगळा आणि मिळालेला वेगळा, हे तिथे लपत नाही. ज्याला घाई आहे तो सरासरीच्या थोडा खाली उतरतो. ज्याच्याजवळ दुर्मीळ रंगाचा नग आहे तो वर चढतो. कोणी अख्खा संच घेऊन फोडतो, कारण सुट्या नगांची बेरीज पुष्कळदा संचाच्या किमतीहून जास्त भरते. आणि भाव नाहीच जमला, तर ठोकळा कपाटात पडून राहतो. तो कुजत नाही, की घटत नाही.

हीच फूटपट्टी घेऊन आता बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीकडे येऊ. चिखली तालुक्याच्या या भागात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन. इथला शेतकरीही विक्रेताच. पण बाजारात माल ओतल्यावर तो भाव सांगत नाही, विचारतो.

यावर ‘शेतकऱ्याला भावाची माहिती द्या’ हा उपाय आजवर अनेकदा सुचवला गेला आणि प्रत्येक पिढीत थोडाफार अमलातही आला. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि वऱ्हाडचा कापूस परदेशच्या बाजाराशी बांधला गेला. देशातल्या अनेक बाजारांत दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा करीत. मालकाला आपल्याच मालाचा भाव कळत नसे. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी बाजार कायदा आला, १९६३ मध्ये महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा झाला. १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ ही राष्ट्रीय ऑनलाइन बाजारपेठ सुरू झाली. रुमाल गेला, मोबाइल आला.

तरीही २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये असताना अनेक बाजारांत माल त्याहून स्वस्त विकला गेला. भाव माहीत नव्हता म्हणून नव्हे. मळणी झाली की मजुरी, कृषी केंद्राची उधारी, हरभऱ्याचे बियाणे आणि दिवाळी एकदमच दारात उभी राहतात. सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यात बाजारात येतो. त्यात परतीचा पाऊस झाला, की दाण्यातला ओलावा बारा टक्क्यांच्या वर जातो आणि सरकारी खरेदी केंद्राचा दरवाजाही अडतो. २०२४ मध्ये ही मर्यादा पंधरा टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती.

नुसते थांबणे म्हणजे फायदा, असेही नाही. दुर्मीळ रंगाचा ठोकळा एखाद्याकडेच असतो. सोयाबीन सगळ्यांचे सारखेच. त्याच्या भावावर परदेशातले पीक आणि खाद्यतेलावरचे आयातशुल्क यांचीही सावली असते. २०२१ च्या उन्हाळ्यात भाव दहा हजारांच्या घरात गेला, तेव्हा ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये वायदे बंद झाले. पुन्हा तो भाव येईल म्हणून नंतर घरात माल ठेवलेल्या अनेकांची निराशा झाली. खेळ चालू असताना नियम बदलले, तर कोणता विक्रेता भाव ठरवू शकेल?

म्हणून दोन गोष्टी एकत्र हव्यात: स्थिर धोरण आणि थांबण्याची सोय. दुसरीसाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि त्याच्या किमतीच्या ७५ टक्के कर्ज सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने घ्यायचे. बँकेत उमेदीची वर्षे काढलेल्या माणसाला साहजिकच हिशेब मांडावासा वाटतो. दहा क्विंटल सोयाबीन, भाव ४,००० धरला, तर माल ४०,००० चा. कर्ज मिळेल ३०,०००. सहा महिन्यांचे व्याज ९०० रुपये, म्हणजे क्विंटलमागे ९०. गाडीभाडे आणि हमाली वेगळी. भाव याहून जास्त चढला, तर उरलेले शेतकऱ्याचे. नाही चढला, तर तोटा हिशेबात बसणारा. मात्र गोदाम गावापासून लांब असेल, समितीकडे निधी नसेल, किंवा पैसे हातात पडायला पंधरा दिवस लागणार असतील, तर हा हिशेब कागदावरच राहतो. कारण दिवाळी पंधरा दिवस थांबत नाही.

मोबाइलवर भाव दाखवून सरकारचे काम संपत नाही. तो पाहून ‘आज नाही, जानेवारीत बघू’ असे उंद्रीच्या शेतकऱ्याला घरच्यांसमोर निर्धास्तपणे म्हणता आले, तरच भाव ठरवण्यात त्याचा काही वाटा आहे असे म्हणता येईल.