ग्रीक इतिहासाच्या याद्या चुकीच्या पानावरून सुरू होतात

१/ मोशीत देहू-आळंदी रस्ता पुणे-नाशिक महामार्गाला छेदतो. तेथून पश्चिमेला देहू, तळेगावमार्गे कार्ल्याची लेणी गाठता येतात. उत्तरेला चाकण, खेड, मंचर, नारायणगाव ओलांडले की जुन्नर आणि पुढे नाशिकजवळची पांडवलेणी. या तिन्ही ठिकाणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ‘यवन’ म्हणून ओळख सांगणाऱ्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत. ग्रीक इतिहासाची कोणतीही मराठी वाचनयादी या लेखांवाचून अपुरी आहे, आणि आज फिरणाऱ्या बहुतेक याद्या तशाच अपुऱ्या आहेत.

२/ या याद्यांचा साचा ठरलेला असतो. स्टीफन फ्रायचे ‘मिथॉस’, मॅडलिन मिलरची ‘सर्सी’, रिक रायर्डनची ‘पर्सी जॅक्सन’ मालिका आणि तोंडी लावायला ‘३००’ हा चित्रपट. या कृती रंजक आहेत. त्यांच्यामुळे अनेकांना गोडी लागली, हे नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप एवढाच, की ही ग्रीसविषयीची आजची पुनर्कथने आहेत. ग्रीकांनी स्वतः काय लिहिले, याचा त्यांत पत्ता लागत नाही, आणि वाचक मात्र ग्रीस वाचल्याच्या समाधानात तेथेच थांबतो.

३/ या थांबण्याची किंमत मेड्यूसाच्या कथेत दिसते. अथेनाच्या मंदिरात तिच्यावर अत्याचार झाला आणि शिक्षा म्हणून देवीने तिच्या केसांचे साप केले, ही कथा ‘मूळ ग्रीक कथा’ म्हणून सर्रास सांगितली जाते. ती येते ओव्हिड या रोमन कवीकडून, इसवी सन ८ च्या सुमारास. त्याच्या सुमारे सात शतके आधीच्या हेसिअडच्या ‘थिओगनी’त मेड्यूसा जन्मतःच गॉर्गन आहे, तीन बहिणींपैकी ती एकटी मर्त्य, आणि मंदिरातील अत्याचाराचा तेथे उल्लेखही नाही. दोन्ही कथा वाचनीय आहेत. परंतु एका संस्कृतीचे म्हणणे दुसरीच्या नावावर खपवणे म्हणजे इतिहास नव्हे.

४/ थर्मोपिलीचेही तेच. ‘३००’ हा चित्रपट फ्रँक मिलरच्या १९९८ च्या चित्रकथेवर बेतलेला आहे. हेरोडोटस वाचला तर त्या खिंडीत प्रारंभी काही हजार ग्रीक होते असे दिसते. अखेरच्या दिवशीही स्पार्टाच्या वीरांसोबत थेस्पिआचे ७०० सैनिक स्वेच्छेने मागे राहिले आणि मारले गेले. त्या सातशेंना पडद्यावर जागा उरली नाही. स्वातंत्र्याच्या घोषणा देणारा स्पार्टा ज्या हेलॉट दासांच्या श्रमावर जगत होता, त्यांनाही नाही.

५/ सर्वांत मोठा गोंधळ पोरस आणि अलेक्झांडर यांच्याबद्दल. ‘पोरस जिंकला होता, ग्रीकांनी ते लपवले’ हे वाक्य दर काही महिन्यांनी नव्याने फिरू लागते. ते पुढे पाठवणाऱ्यांपैकी कितीजणांनी एरियन उघडून पाहिला असेल? इसवी सनपूर्व ३२६ च्या या लढाईचा एकही समकालीन भारतीय वृत्तांत उपलब्ध नाही. पोरसविषयी जे काही ज्ञात आहे ते एरियन, प्लुटार्क, कर्टिअस, डायोडोरस अशा ग्रीक-रोमन लेखकांमुळेच, आणि तेही त्या घटनेनंतर काही शतकांनी लिहिणारे.

६/ एरियन तर लपवाछपवीच्या आरोपाला स्वतःच उत्तर देतो. पोरसच्या मुलाने अलेक्झांडरला जखमी केले आणि त्याचा लाडका घोडा ब्युसेफलस मारला, असे काही लेखक सांगतात, हे तो नोंदवतो. मग टॉलेमीचा वृत्तांत वेगळा आहे आणि तो अधिक विश्वसनीय वाटतो, असे सांगून निवड करतो. म्हणजे अलेक्झांडरला अडचणीची ठरणारी आवृत्तीही ग्रीक ग्रंथानेच जपली आहे. एरियनचा निर्णय अमान्य करण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. तो वाचल्याशिवाय अमान्य करण्याचा मात्र नाही.

७/ दुसरा पक्ष याच्या उलट बोलतो: ‘परक्यांचे ग्रंथ वाचणे ही गुलामगिरी, आपला इतिहास पुरेसा आहे.’ हा पक्ष मराठी परंपरेलाच ओळखत नाही. बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापनीती मराठीत आणली. टिळकांनी ‘गीतारहस्या’त ॲरिस्टॉटलच्या नीतिविचाराची दखल घेतली. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र मराठीत दिले. पु. ल. देशपांडे यांनी सोफोक्लीजचे नाटक ‘राजा ओयदिपौस’ या नावाने आणले. यांपैकी कोणाचे मराठीपण ग्रीक वाचल्याने उणावले नाही.

८/ भाषाही हेच सांगते. जन्मपत्रिकेतील ‘होरा’ आणि ‘केंद्र’ हे शब्द ग्रीकातून संस्कृतात आले. ‘दाम’ हा शब्द ‘द्रम्म’मार्गे ग्रीक ‘द्राख्मे’ या नाण्यापर्यंत पोहोचतो. गडाच्या तटाखाली पेरला जाणारा ‘सुरुंग’ हा ग्रीक ‘सिरिंक्स’चा वंशज मानला जातो. गडकोटांचा अभिमान बाळगणाऱ्याने हा शब्द उच्चारताना थोडे थबकावे.

९/ याचा अर्थ सर्व काही ग्रीसहून आले, असाही नाही. ‘यवनिका’ या शब्दावरून संस्कृत नाटकच ग्रीकांचे देणे ठरवण्याचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकात झाला. परंतु प्राचीन ग्रीक रंगमंचावर तसा दर्शनी पडदाच नव्हता. शब्दसाम्यावर मनोरा उभारण्याचा मोह दोन्ही पक्षांना सारखाच होतो, आणि तो दोन्हीकडे सारखाच घातक आहे.

१०/ आता पुन्हा लेण्यांकडे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची नावे आहेत. सिंहध्वज, धर्म, यशवर्धन ही त्यांतली काही. जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, तर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप. हे जन्माने ग्रीक होते, येथे रुळलेले त्यांचे वंशज होते की पश्चिमेकडून आलेल्यांना दिलेले हे सरसकट नाव होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेद आहेत म्हणूनच लेख स्वतः वाचायचे.

११/ पांडवलेण्यांत तर एकाच डोंगरावर दोन साक्षी आहेत. गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, शक-यवन-पह्लवांचा संहारक म्हणून गौरव आहे. थोड्याच अंतरावर उत्तरेकडील दत्तमित्री नगरचा योनक, धर्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त, लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याचे सांगतो. एकीकडे शत्रू म्हणून यवन, दुसरीकडे दाता म्हणून यवन. एकच लेख वाचणारा एकच घोषणा देतो. दोन्ही वाचणाऱ्याला विचार करावा लागतो.

१२/ बलश्रीच्या लेखातील ‘यवन’ म्हणजे मुसलमान, असे समजणारेही भेटतात. तो लेख इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला, आणि इस्लामचा उदय सातव्या शतकातला. आयोनियातील ग्रीकांना इराणी ‘यौन’ म्हणत. त्या वाटेने ‘योन’, ‘यवन’ हे शब्द आले. अर्थ पुढे बदलला. बदललेला अर्थ मागे नेऊन जुन्या शिळेवर चिकटवणे ही अक्षरशत्रूची रीत झाली.

१३/ तेव्हा यादीचा क्रम असा असावा. पहिले पुस्तक ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रिअन सी’: पहिल्या शतकातील अनाम व्यापाऱ्याने ग्रीकमध्ये लिहिलेले, अवघ्या ६६ परिच्छेदांचे. त्यात पैठण, तेर, सोपारा, कल्याण भेटतात. कल्याणला आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, हेही कळते. सोबत वा. वि. मिराशी यांचा सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांच्या इतिहासाचा आणि कोरीव लेखांचा मराठी ग्रंथ.

१४/ मग होमर. एमिली विल्सन यांची ‘ओडिसी’ (२०१७) आणि ‘इलियड’ (२०२३) ही इंग्रजी भाषांतरे आजच्या वाचकाला सोपी जातात. दैवतकथांसाठी हेसिअड, धर्मासाठी वॉल्टर बर्कर्ट. इतिहासासाठी हेरोडोटस, थ्युसिडिडीज, एरियन. नाटक आणि काव्यविचार पुलं आणि विंदांच्या मराठीतून. कलेसाठी जॉन बोर्डमन यांचे ‘ग्रीक आर्ट’, आणि कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाची एक फेरी: ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ती तेथील आहे. फ्राय आणि मिलर त्यानंतर. तेव्हा त्यांनी काय बदलले तेही दिसेल आणि आनंद दुणावेल.

१५/ हे ग्रंथ महाग आहेत, ही सबब टिकत नाही. हेरोडोटस, थ्युसिडिडीज, एरियन यांची जुनी इंग्रजी भाषांतरे स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. मॅक्रिंडल यांनी १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेले मेगॅस्थिनिस आणि एरियन यांचे भारतवर्णनही मोबाइलवर फुकट वाचता येते. चाकणच्या पाळीवर जाणाऱ्या बसमध्ये चित्रफिती पाहिल्या जातात, तेवढ्याच वेळात रोज चार पाने होतात.

१६/ थ्युसिडिडीजची तक्रार होती की लोक आपल्याच देशाविषयीच्या ऐकीव गोष्टीही पारखून न घेता स्वीकारतात. ती आजही लागू आहे. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे हजारो भाविक कार्ल्याच्या चैत्यगृहावरून पुढे जातात. लेण्याद्रीच्या गणपतीला जाणारे जुन्नरच्या लेण्यांमधूनच चढतात. त्या गर्दीत स्वतःला इतिहासप्रेमी म्हणवणारे अनेकजण असतात. दर्शन झाल्यावर त्यांनी दहा मिनिटे सिंहध्वजाच्या खांबापाशी उभे राहावे. ग्रीसवरचा पुढचा वाद त्यानंतर घालावा.