लाइन आधी, प्लांट नंतर, आणि शेतकऱ्याचे पैसे पहिल्या पानावर



दुकान टाकताना आपण भाडं, डिपॉझिट, फर्निचर, माल, सगळ्याचा हिशेब करतो. विजेचा विचार मात्र बिल हातात पडल्यावरच. मग सगळे एकच म्हणतात, "वीज कमी आहे, नवीन प्लांट उभारा." माझं मत थोडं वेगळं आहे. प्लांट पाहिजेच, पण एका भागातली वीज दुसऱ्या भागात नेणाऱ्या मोठ्या लाइनचं प्लॅनिंग त्याच्या आधी पाहिजे.

शेजारच्या परळीचंच बघा. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथलं औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. प्लांट जवळ आहे म्हणून वीज पक्की, असं नसतं. दुष्काळ आपल्याकडे असतो तेव्हा वीज दुसरीकडून आणावी लागते, आणि त्यासाठी रस्ता तयार लागतो. तो नसेल तर गोदाम भरलेलं आहे पण टेम्पोच नाही, अशी गत.

तो रस्ता टप्प्याटप्प्यानं झाला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर जोडलं गेलं. त्याआधी वीज बाजारात दक्षिणेचा भाव अनेकदा इतरांपेक्षा बराच चढा असायचा. इकडे वीज होती, तिकडे गिऱ्हाईक होतं. मधली वाट अपुरी होती. पुढे २०१८ मध्ये वरोरा–परळी–सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन झाली. म्हणजे परळी आता नुसतं वीज तयार करायचं गाव नाही, विजेचं मोठं जंक्शन आहे.

वाटा कमी असल्या की काय होतं, ते देशानं जुलै २०१२ मध्ये पाहिलं. बीना–ग्वाल्हेर मार्गावरचं एक सर्किट कामासाठी बंद होतं. दुसऱ्यावर भार आला, ते तुटलं, आणि ३० आणि ३१ जुलै असे लागोपाठ दोन दिवस ग्रीड कोसळलं. दुसऱ्या दिवशी अंदाजे ६० कोटी लोकांच्या भागात अंधार झाला.

काही जण म्हणतील, "मी छतावर सोलर लावतो, मला लाइनचं काय?" लावा, जरूर लावा. पण दुकानात गर्दी संध्याकाळी सातला असते आणि सोलर दुपारी जोरात चालतं. शिवाय सोलर प्रकल्प लवकर उभा राहतो, मोठ्या लाइनला त्याहून बरीच वर्षं लागतात. म्हणून तर लाइन आधी आखायची.

खर्च कोण देतं? आपणच. बिलावरचा 'वहन आकार' हा वीज आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या वितरणाच्या तारांचा. मोठ्या लाइनचं भाडं महावितरण भरतं आणि ते दरात मिसळून आपल्याकडे येतं. त्यामुळे नको तिथं लाइन टाकली तरी भुर्दंड आपल्याला, आणि हवी ती रखडली तरी आपल्यालाच.

आता खरा मुद्दा. लाइन बहुतेक वेळा रखडते ती शेतात. टॉवर उभा राहतो, तारा वरून जातात, जमीन मात्र शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि किंमत घसरते. २०१५ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरखालच्या जागेला जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के मोबदला होता. जून २०२४ मध्ये तो २०० टक्के केला, आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. चांगलं झालं. पण हा पैसा भांडण झाल्यावर द्यायचा खर्च नाही, प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या पानावर लिहायची रक्कम आहे. व्यवहाराचा नियमच आहे: ज्याच्या जागेवर धंदा उभा करायचा, त्याचा हिशेब आधी चुकता करायचा.

मानवतला कापसाचा पैसा आला की बाजार हलतो. तो शेतकरीच आपलं गिऱ्हाईक आहे. त्याच्या नुकसानीवर मिळालेली स्वस्त वीज आपल्याला शेवटी महागच पडणार.

तर एक काम करा. दरवाढीचा प्रस्ताव आला की महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ग्राहकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. आपल्या व्यापारी संघटनेकडून एक पानाचं पत्र पाठवा. नुसतं "दर कमी करा" लिहू नका. विचारा: आपल्या भागासाठी कोणती लाइन आखली आहे, कधी पूर्ण होणार, आणि शेतकऱ्याचे पैसे दिले का?

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशेबानं करा!